सहाव्या आठवड्याचा डोळा

पुण्याच्या डॉक्टरांनी २००३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त छापलेला एक तक्ता मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. बिनटाक्याच्या पद्धतीने मोतीबिंदू काढलेले ३४४ रुग्ण. सहा आठवड्यांनी त्यांची नजर तपासली, तेव्हा चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून बरं दिसणारे निघाले १६५. त्याच डोळ्यांपुढे योग्य नंबरची काच धरली, तर तेवढं दिसणारे झाले ३०९. मधले १४४ लोक कुठे गेले? ऑपरेशन चांगलं झालं होतं, डोळाही निरोगी होता, पण काचेवाचून त्यांना पुरेसं दिसत नव्हतं. ही माणसं ‘यशस्वी’ म्हणायची की नाही, या एका प्रश्नावर नेत्रशल्यचिकित्सेतलं शंभर वर्षांचं भांडण उभं आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याला तो प्रश्न आजही थेट लागू पडतो.

सुश्रुत, मोतीबिंदू बाजूला ढकलणारी त्याची सळई, पुढे गढूळ भिंगच बाहेर काढणारा फ्रान्सचा दाव्हिएल, हे सगळं पुष्कळदा सांगून झालं आहे. मला ओढ आहे ती ऑपरेशननंतरच्या हिशेबाची. किती जणांना दिसलं, किती जणांचं बिघडलं आणि ते मोजलं कोणी?

गावोगाव फिरणारे वैदू सुईने मोतीबिंदू बाजूला ढकलत. गढूळ भिंग नजरेच्या वाटेतून खाली गेलं की रुग्णाला तिथल्या तिथे उजेड दिसे, समोर धरलेली बोटं मोजता येत. वैदू बिदागी घेऊन पुढच्या गावी जाई. डोळा लाल होणं, आतला दाब वाढणं, दुखणं आणि शेवटी कायमचा अंधार हे सगळं तो गेल्यावर सुरू होई. त्यामुळे त्याच्या अनुभवात फक्त उजेड पाहून हरखलेले चेहरे असत. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

मद्रासच्या सरकारी नेत्र रुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या सर्जनने ही दुसरी बाजू पाहिली. काचबिंदूसाठी डोळ्याला सूक्ष्म भोक पाडण्याची त्याची पद्धत जगभर गाजली. मला मात्र त्याचं १९१८ सालचं पुस्तक जास्त मोलाचं वाटतं. भारतातल्या सळई-शस्त्रक्रियेवरच्या त्या पुस्तकासाठी त्याने वैदूंच्या हातून गेलेल्या ७००हून अधिक डोळ्यांची नोंद गोळा केली, काढून टाकावे लागलेले डोळे कापून आतली हानी दाखवली आणि बहुसंख्य डोळे वाया गेल्याचं सिद्ध केलं. वैद्यकाच्या इतिहासात इतकी चिकाटी क्वचित दिसते.

तरीही त्या तक्त्यात एक भोक आहे. सरकारी दवाखान्यात कोण येणार? ज्याचा डोळा दुखतो तो. वैदूच्या सुईनंतर ज्याला बरं दिसत राहिलं, तो शेतावर गेला. त्याला मद्रासची पायरी चढायचं कारण नव्हतं. वैदूच्या मोजणीत फक्त यशं उरली आणि रुग्णालयाच्या मोजणीत अपयशं जास्त भरली. सळई वाईट होती यात शंका नाही. पण ती नेमकी किती वाईट होती हे या दोघांपैकी कुणाच्याच वहीवरून पक्कं सांगता येत नाही.

त्याच सुमारास पंजाबात जालंदरला हेन्री स्मिथ हा आयरिश सर्जन वेगळंच वादळ उठवत होता. त्या काळी बहुतेक सर्जन भिंगाची पिशवी फाडून आतला गढूळ गर काढत आणि पिशवीचा मागचा भाग डोळ्यात ठेवत. स्मिथ बाहेरून दाब देऊन पिशवीसकट अख्खं भिंग बाहेर काढी. तोंडात सिगार ठेवून ऑपरेशन करणारा म्हणून त्याच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्याची संख्या हजारोंच्या घरात होती आणि ती पद्धत पाहायला अमेरिकेतून सर्जन येत. त्याचा मुद्दा खरा होता. मागे ठेवलेली पिशवी पुढे गढूळ होते आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर यावं लागतं. विरोधकांचा मुद्दाही तितकाच खरा होता. अख्खं भिंग ओढताना मागचा काचद्रव सांडतो, आणि त्याची किंमत डोळा काही महिन्यांनी, कधी वर्षांनी चुकवतो. रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जात. पंजाबच्या खेड्यात वर्षभराने कुणाचा पडदा सुटला, हे जालंदरला कसं कळणार? हजारोंचा आकडा ऐकून माणूस दबतो. मला तो आकडा ऐकला की पहिली शंका हीच येते की यातले किती जण पुन्हा पाहिले गेले?

मुंबईत त्याच पिढीतला हर्बर्ट हर्बर्ट वेगळ्या वाटेने चालला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात तो नेत्रविद्या शिकवी. खुपरीमुळे बुबुळाच्या कडेला पडणाऱ्या खळग्यांना आजही त्याचं नाव आहे. वैद्यकाचा विद्यार्थी ते पाठ करतो आणि माणूस विसरतो. मोतीबिंदूवरच्या त्याच्या लिखाणात मोठमोठ्या संख्यांपेक्षा बारकाव्यांना जागा आहे. ऑपरेशनआधी पापणीच्या आतली बाजू पाऱ्याच्या परक्लोराइडच्या सौम्य द्रावणाने धुण्यावर त्याचा भर होता, कारण चांगलं झालेलं ऑपरेशनही दोन दिवसांत पू होऊन हातचं जाई. माझ्या मते या तिघांत काळाच्या पुढे पाहणारा तोच.

हे म्हणायला कारण आहे. डोळ्याच्या आत जंतू शिरून होणारा पू हा आजही सर्जनचा सगळ्यात मोठा धसका आहे. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने २०१७ साली ६ लाख ऑपरेशनांचा हिशेब प्रसिद्ध केला. ऑपरेशन संपताना मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक डोळ्याच्या आत सोडायला लागल्यावर जंतुसंसर्गाचं प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आलं. म्हणजे १० हजारांत ७ डोळ्यांत पू व्हायचा तिथे २. आता एखाद्या तालुक्याच्या गावातला सर्जन घ्या, वर्षाला ५०० ऑपरेशनं करणारा. जुन्या प्रमाणानेसुद्धा त्याला असा रुग्ण तीन वर्षांतून एखादाच दिसेल. पाच वर्षांत एकही दिसला नाही, तर तो निष्णात की नशीबवान? त्याच्या एकट्याच्या वहीवरून हे ठरणार नाही. म्हणून अनेकांच्या वह्या एकत्र याव्या लागतात, आणि त्यात वाईट पानंही लावावी लागतात.

आता पुण्याकडे वळतो. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात परीक्षित गोगटे, मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या रिचर्ड वर्मल्ड यांच्यासोबत हा अभ्यास केला. काळ लक्षात घ्यायला हवा. जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत मोतीबिंदू निर्मूलनाची मोहीम चालली, महाराष्ट्र त्यांतलं एक. शाळेच्या वर्गात, मांडवात ऑपरेशनं करण्याचा जमाना मागे पडत होता. रुग्णाला रुग्णालयात आणा आणि आत कृत्रिम भिंग बसवा, असं धोरण आलं होतं. प्रश्न उरला होता तो पद्धतीचा. जुन्या पद्धतीत दहा-बारा मिलिमीटरची चीर आणि टाके. नव्या पद्धतीत सहा-साडेसहा मिलिमीटरचा तिरपा बोगदा, जो आतल्या दाबानेच मिटतो, टाका लागत नाही. नवीन म्हणून ती चांगली, असं म्हणणारे पुष्कळ होते. पुण्याच्या मंडळींनी ७४१ रुग्ण घेतले आणि कुणाला कोणती पद्धत हे सर्जनच्या मर्जीवर न ठेवता यादृच्छिक वाटणीवर सोडलं. सोपे डोळे आवडत्या पद्धतीकडे आणि अवघड डोळे दुसरीकडे, ही पळवाटच बंद झाली.

सहाव्या आठवड्याला ७४१पैकी ७०६ जण परत तपासले गेले. ९५ टक्के. मला या निबंधातला सर्वांत मोठा आकडा हाच वाटतो. खेड्यातून आलेला, बरं दिसू लागलेला, मजुरीवर परत गेलेला माणूस केवळ तपासणीसाठी पुन्हा येणं किती कठीण आहे, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. एलियटला आणि स्मिथला जे साधलं नाही ते इथे साधलं. बरा झालेला, बिघडलेला आणि मधलाच राहिलेला, तिघेही एकाच तक्त्यात आले.

तक्त्यात सापडलं ते असं. टाक्यांच्या पद्धतीत ३६२पैकी १३५ जणांना, म्हणजे ३७.३ टक्क्यांना, चष्म्याशिवाय ६/१८ दिसलं. बिनटाक्याच्या पद्धतीत ४७.९ टक्क्यांना. काच लावल्यावर अनुक्रमे ८६.७ आणि ८९.८ टक्के. काच लावूनही ६/६०पेक्षा कमी दिसणारे एकीकडे ४, दुसरीकडे ६. गंभीर गुंतागुंतींत लक्षात येण्याजोगा फरक नाही. खर्चही जवळजवळ सारखा. टाका बुबुळाला ओढतो, बुबुळाचा गोलावा बिघडतो, मग आडवं एक दिसतं आणि उभं एक. बिनटाक्याच्या पद्धतीचं वर्चस्व मुख्यतः इथून येतं. तरीही दोन्ही गट मिळून ३२३ माणसं काचेवर अवलंबून राहिली. कृत्रिम भिंगाचा नंबर ठरवताना डोळ्याची लांबी एक मिलिमीटर चुकली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने हुकतो. हिरवी पट्टी काढताना हे कुणालाच कळत नाही. ते कळतं सहाव्या आठवड्याला, जखम स्थिरावल्यावर.

याच रुग्णालयातून २००५ साली पुढचा सामना छापून आला. एका बाजूला बिनटाक्याची पद्धत, दुसरीकडे फेको. फेकोला आपल्याकडे सर्रास ‘लेझर’ म्हणतात. प्रत्यक्षात ध्वनिलहरींनी भिंग फोडून तीनेक मिलिमीटरच्या चिरेतून ते शोषून घेतात. ४०० डोळे. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ दिसणारे फेकोत ८१ टक्के, बिनटाक्याच्या पद्धतीत ७१ टक्के. काच लावल्यावर दोन्हीकडे ९८.४ टक्के. पिशवीचा मागचा पडदा फाटण्याचे प्रसंग फेकोत ७, दुसरीकडे १२. पहिल्या दिवशी बुबुळाला सूज मात्र फेकोत जास्त. दोन वर्षांनी त्याच गटाने खर्च मांडला. रुग्णालयाला एक फेको पडत होती सुमारे ४२ डॉलरना, बिनटाक्याचं ऑपरेशन सुमारे १५ डॉलरना. मग फेको करायचीच कशाला, असा प्रश्न त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच विचारला. मोठ्या शहरांतल्या यंत्रसज्ज दवाखान्यांसमोर हे विचारायला धैर्य लागतं.

माझं मत त्या शीर्षकाच्या बाजूने झुकतं, आणि याचं कारण कोकण आहे. आमच्याकडे मोतीबिंदू ‘पिकू देतात’. लावणी झाली की बघू, गणपतीला मुंबईचा मुलगा आला की बघू, मग आंब्याचा हंगाम, मग पावसाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन नको. असं करत भिंग तपकिरी आणि दगडासारखं कठीण होतं. असं भिंग ध्वनिलहरींनी फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि ती बुबुळाच्या आतल्या पेशींना सोसावी लागते. त्या पेशी पुन्हा वाढत नाहीत. तेच भिंग बोगद्यातून अखंड बाहेर काढता येतं. संगमेश्वरच्या डोंगरातून किंवा गुहागरच्या किनाऱ्यावरून असा डोळा घेऊन येणाऱ्या आजीला, हात बसलेल्या सर्जनची साधी पद्धत मिळाली तर तिचं काहीही कमी होत नाही. मात्र तिला सहाव्या आठवड्याचा चष्मा मिळायलाच हवा. तो नसेल तर दहा टक्क्यांचा फरक तिच्या वाट्याला पुरेपूर येतो. शिबिराच्या बातमीत ऑपरेशनांची संख्या असते, पाहुण्यांची नावं असतात, काळे चष्मे लावलेली रांग असते. सहाव्या आठवड्याची बातमी मी कधी वाचलेली नाही.

आणखी एक तक्रार रत्नागिरीत नेहमी ऐकू येते, ‘दोन वर्षांनी पुन्हा मोतीबिंदू आला’. मोतीबिंदू पुन्हा येत नाही. मागे ठेवलेली पिशवी गढूळ होते. स्मिथ ज्यावर बोट ठेवत होता तीच ही गुंतागुंत. आज लेझरने काही मिनिटांत तिच्यात खिडकी पाडता येते. पण ज्याला कुणी हे सांगितलं नाही तो ऑपरेशन फसलं असं समजून घरी बसतो, आणि कुठल्याच रुग्णालयाच्या वहीत त्याची नोंद होत नाही.

अशा माणसापर्यंत पोचणारी एक पद्धत आहे, आणि ती आपल्या शेजारी वापरली गेली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या अंधत्वाच्या आणि मोतीबिंदू सेवेच्या पाहणीचा निबंध २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी’त आला. पुण्याच्या अभ्यासातले गोगटे त्याच्याही लेखकांत आहेत. अशा जलद पाहणीत पथक रुग्णालयात बसत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वस्त्यांची निवड होते आणि तिथल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक माणसाला घरी जाऊन तपासतात. ऑपरेशन झालेला डोळा दिसला की ते कधी झालं, कुठे झालं हे विचारतात आणि आज किती दिसतं ते मोजतात. कुणाचा रुग्ण, कुठलं शिबिर, सरकारी की खाजगी, सगळे एका मापात येतात. परत न आलेलाही मोजला जातो, कारण मोजणाराच त्याच्या ओटीवर आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक साधा आहे. ऑपरेशननंतर रुग्णाकडे आहे त्या चष्म्यासह निदान ८० टक्क्यांना ६/१८ दिसावं, योग्य काच लावून ९० टक्क्यांना, आणि ६/६०च्या खाली राहणारे ५ टक्क्यांहून कमी असावेत.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत रत्नागिरीच्या नऊ तालुक्यांत ही पाहणी दर पाच वर्षांनी व्हावी. ऑपरेशनच्या कार्डावर चार रकाने असावेत : आधीची नजर, बसवलेल्या भिंगाचा नंबर, सहाव्या आठवड्याची चष्म्याशिवायची नजर आणि चष्म्यासहची. सहाव्या आठवड्याची तपासणी गावातल्या आरोग्य केंद्रात नेत्र तंत्रज्ञाला करता येते, त्यासाठी एसटीचे दोन फेरे आणि एक मजुरी बुडवायला लागू नये. चष्मा त्याच दिवशी, त्याच टेबलावर द्यावा. आणि तालुकावार तक्ता, बिघडलेल्या डोळ्यांच्या आकड्यासकट, मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा.