तक्ता, पडदा आणि देवनागरी अक्षर

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी भिंतीवरचे तक्ते आणि पडद्यावरचा मजकूर हा विषय निवडावा, हे काहींना विषयांतर वाटण्याचा संभव आहे. माझ्या मते हा भाषेचाच प्रश्न आहे. मजकूर कोठे, केवढ्या अक्षरांत आणि कशाशेजारी बसवला आहे, यावरही त्याचा अर्थ अवलंबून असतो.

याचे विदारक उदाहरण शाळेबाहेरचे आहे. १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ हे अमेरिकन अंतराळयान झेपावत असता इंधनटाकीवरील फेसाच्या आवरणाचा तुकडा निखळून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी या आघाताचा अभ्यास पडद्यावरील पानांच्या रूपाने मांडला. पुढे एडवर्ड टफ्टी यांनी त्यांतील एका पानाची चिकित्सा केली आणि चौकशी मंडळाने ती आपल्या अहवालात समाविष्ट केली. पानाचे शीर्षक धीर देणारे होते. धोक्याची गोष्ट मात्र अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात दडली होती : चाचणीतील तुकडा ३ घनइंचांचा, तर येथील अंदाज १,९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. सारा दोष त्या एका पानाचा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती संख्या शीर्षस्थानी असती, तर वाचणाऱ्याला तिच्यावरून सहज पुढे सरकता आले नसते.

वर्गातही शीर्षकाने नुसते नाव सांगून थांबू नये. ‘फुलाचे भाग’ यापेक्षा ‘परागकण कुक्षीवर पोचले की परागण होते’ हे शीर्षक मुलाला चित्रात काय पाहायचे ते सांगते. ‘पुंकेसर’, ‘अंडाशय’ ही नावे त्या त्या भागाशेजारीच लिहावीत. चित्रात आकडे आणि तळाशी त्यांची यादी, ही आपली जुनी रीत मुलाच्या नजरेला उगाच हेलपाटे घालायला लावते. पडद्यावरची वाक्ये जशीच्या तशी वाचून दाखवणाऱ्या वक्त्यांविषयी न बोललेलेच बरे. श्रोत्यांचे डोळे त्यांच्या जिभेच्या केव्हाच पुढे गेलेले असतात.

खरी अडचण आपल्या लिपीची आहे, आणि इंग्रजीवरून उचललेले नियम येथे अपुरे पडतात. रोमन लिपीत मोठ्या लिपीची अक्षरे योजून शब्द उठावदार करता येतो. देवनागरीत ती सोय नाही. आपल्याला आकार आणि ठळकपणा यांवरच भागवावे लागते. शब्दाखाली रेघ ओढावी, तर ‘गुरु’मधल्या ‘गु’चा उकार ती गिळून टाकते. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, असा आपल्या ओळीचा संसार दुमजली. म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर हवे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

आपल्या बडोद्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. त्यामुळे गुजराती शब्दाची अक्षरे शोभेसाठी थोडी सुटी केली तरी बिघडत नाही. तोच हात मराठी पाटीवर चालला की शिरोरेषा तुटते, आणि शब्द कोठे संपला हे नवशिक्या वाचकाला कळेनासे होते. आपल्या मुलांना घराबाहेर देवनागरीपेक्षा गुजराती अक्षरच अधिक दिसते. शाळेतील तक्ता हाच त्यांचा मराठी अक्षराशी मोठा परिचय असतो. तो तरी निर्दोष असावा, एवढा आग्रह मी धरीन.

रंगांविषयी थोडेच सांगतो. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल आणि हिरवा यांतील भेद जाणवत नाही. तेव्हा ‘लाल ते चूक, हिरवे ते बरोबर’ एवढ्यावर विसंबू नये, जोडीला खूणही द्यावी.

तक्ता पुरा झाला की भिंतीवर लावून शेवटच्या बाकावर बसावे आणि ‘वंश’ व ‘वश’, ‘दिन’ व ‘दीन’ असे जोडशब्द तेथून वेगळे ओळखू येतात का ते पाहावे. न आल्यास मजकूर निम्मा करून अक्षर वाढवावे.