फिरत्या बिऱ्हाडासाठी लघु सौरसंच
गडहिंग्लज परिसरात ऊसतोडीसाठी येणाऱ्या कुटुंबांचे बिऱ्हाड फडागणिक हलते. कायम वीजजोडणी त्यांना दुरापास्त असते. निवासी वाहनाच्या छतावरील सौरसंचाचे तत्त्व येथे उपयुक्त ठरते. ५ वॅटचे दोन दिवे पाच तास व १२ वॅटचा पंखा आठ तास चालविण्यास १४६ वॅट-तास ऊर्जा लागते. सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावरील या भागात आडव्या पॅनेललाही हिवाळ्यात साधारणतः चार तासांच्या प्रखर उन्हाइतकी ऊर्जा मिळते. म्हणजेच १०० वॅटचे पॅनेल, ३० टक्के घट धरूनही, २८० वॅट-तास देते. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्मी वापरली, तरी रात्र भागते. चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीलगत फ्यूज मात्र अनिवार्य आहेत. ऊसतोडीचा हंगाम निरभ्र आकाशाचा असल्याने मुलांच्या अभ्यासासाठी एवढा लहान संचही पुरेसा ठरतो.