भाम, मंदर आणि एक फिरंग

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या सदबीज लिलावगृहात एक तलवार विक्रीला निघाली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये मोजले आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. नागपूरकर पहिल्या रघोजी भोसल्यांची ही तलवार. पाते सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचे, मूठ मुल्हेरी, मुठीवर सोन्याचे कोफ्तगरी काम. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा मजकूर आहे. स्वागताच्या भाषणांत आणि बातम्यांत ती शौर्याची खूण म्हणून गाजली, बंगाल-ओडिशापर्यंतच्या स्वाऱ्यांची उजळणी झाली. पण मजकुरात एकाही लढाईचे नाव नाही, देवीचे नाही, शत्रूचेही नाही. धन्याचे नाव, त्याचे पद आणि हत्याराची जात एवढेच तिथे कोरले आहे. ते पद रघोजींना परक्या शत्रूला मारून मिळालेले नव्हते. ते त्यांच्या चुलत्याकडून काढून त्यांना दिले गेले, आणि त्या वादाचा निकाल आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, वणीजवळच्या मंदर गावी लागला. तलवारींच्या आपल्या लोकप्रिय कथांत ही लढाई कुठेच सापडत नाही. ती का सापडत नाही, हे तपासताना त्या कथा कशा घडतात तेही उघड होते.

या कथा वाचकांना पाठ आहेत, म्हणून थोडक्यातच. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त अफजलखानाच्या भेटीआधी देवी महाराजांच्या तलवारीत वास करते. तिथून भवानी तलवारीची कथा वाढत गेली, ती इतकी की १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुले यांनी ती इंग्लंडहून परत आणण्याची घोषणा केली. लंडनला असलेली तलवार १८७५ साली कोल्हापूरच्या छत्रपतींनी प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिलेली, जगदंबा नावाने ओळखली जाणारी. साताऱ्याच्या राजघराण्यात भवानी म्हणून पुजली जाणारी तलवार वेगळीच आहे. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला एका म्हणीत अमर झाला, आणि त्याच्या हातातल्या दांडपट्ट्याला २०२४ च्या शिवजयंतीला राज्यशस्त्राचा मान जाहीर झाला. सिंहगडावर ढाल तुटल्यावर डावा हात पुढे करणारा तानाजी सभासदाच्या बखरीत आहे, शाहिरांच्या पोवाड्यात आहे, १९२३ सालच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सिंहगड’मध्ये आहे आणि २०२० सालच्या हिंदी पडद्यावरही आहे. या सगळ्यांना एक घाट समान आहे. एक माणूस, एक हात, एक निर्णायक वार, आणि समोर असा शत्रू की ज्याच्याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात क्षणभरही दुमत होऊ नये. सभासद तर स्वच्छ लिहितो की तानाजी आणि उदेभान दोघेही पडले आणि त्यानंतर सूर्याजीने मावळ्यांना सावरून गड घेतला. म्हणजे गड हाती आला तो द्वंद्व संपल्यानंतर. तरी लोकांच्या स्मरणात द्वंद्व राहिले आणि सूर्याजी बाजूला गेला. आख्यायिका खोटे सांगते असे मला म्हणायचे नाही. ती निवड करते, आणि त्या निवडीचे नियम कडक असतात.

त्या नियमांत न बसणारा माणूस म्हणजे कान्होजी भोसले. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले तेव्हा त्यांच्या बाजूने प्रथम उभे राहिलेल्या मोठ्या सरदारांत वऱ्हाडचे परसोजी भोसले होते. शाहूंनी त्यांना सेनासाहेबसुभा हे पद दिले. परसोजी १७०९ साली वारले आणि पद कान्होजींकडे आले. कान्होजींनी आपले ठाणे केले ते भामला. आज यवतमाळ जिल्ह्यातही हे नाव ऐकून माहीत असणारे फार नसतील. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनी भामची नोंद उजाड पण जुन्या दगडी बांधकामांनी भरलेले गाव अशी केली आणि तिथे एके काळी नुसत्या बैराग्यांचीच पाच हजार घरे होती ही सांगीव गोष्टही टिपून ठेवली. आकडा लोकांच्या तोंडचा आहे, त्यावर भार टाकू नये. पण वऱ्हाडाच्या आग्नेयेला, गोंडवनाच्या तोंडावर, देवगड आणि चांदा या दोन्ही गोंड राज्यांकडे सरकता येईल अशी ही जागा निवडणारा माणूस नुसता मिळालेल्या पदावर बसून खाणारा नव्हता. नागपूर अजून भोसल्यांचे झालेले नव्हते. पुढे नागपूरकर म्हणून ओळखल्या गेलेल्या सत्तेचा पाया काही वर्षे या भामला होता.

रघोजी हे बिंबाजींचे पुत्र, नात्याने कान्होजींचे पुतणे. काही काळ ते कान्होजींच्याच पदरी होते. कान्होजींना मुलगा झाला आणि दोघांचे बिनसले. रघोजी देवगडचा चांदसुलतान आणि एलिचपूरचा नवाब यांच्याकडे काही दिवस काढून साताऱ्याला गेले. शिकारीतल्या त्यांच्या चपळाईवर शाहू खूश झाले. वाघाच्या झडपेतून महाराजांना वाचवल्याची कथा याच काळातली. रघोजींच्या चरित्रातला एवढाच प्रसंग आख्यायिकेच्या घाटात नीट बसतो, आणि म्हणून तोच सर्वत्र सांगितला जातो. महाराजांनी शिर्के घराण्यातल्या, राणीच्या नात्यातल्या मुलीशी त्यांचे लग्न लावून दिले. तिकडे कान्होजींचे दरबाराशी वाकडे होत गेले होते. वसुलाचा हिशेब मागितला की टाळाटाळ, बोलावले की चालढकल, आणि अखेर परवानगीशिवाय साताऱ्याहून भामला निघून जाणे. निजामाशी संधान बांधल्याचा संशयही त्यांच्यावर होता. शाहूंनी पद रघोजींना दिले आणि त्यांनाच चुलत्यावर पाठवले. भामवर चाल झाली, कान्होजी निसटले, पाठलाग झाला आणि १७३० च्या सुमारास मंदरला गाठ पडली. कान्होजी हाती लागले. त्यांना साताऱ्याला नेले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी तिथे कैदेत काढले.

पदाची किंमत काय होती हे इतिहासकार ग्रँट डफने नोंदवलेल्या अटींवरून कळते. रघोजींनी राज्याच्या चाकरीसाठी पाच हजार घोडा बाळगायचा, दरसाल नऊ लाख रुपये भरायचे, घासदाणा वगळून खंडणी आणि लुटीतला निम्मा हिस्सा सरकारात द्यायचा आणि गरज पडेल तेव्हा दहा हजार घोडा उभा करून पेशव्यांबरोबर जायचे. यात कोणी किती वार केले याला जागा नाही. घोडा, दाणा, रोकड आणि हिशेब एवढाच मामला आहे. कान्होजी पडले ते हिशेबावरून पडले, कुठल्या द्वंद्वात हरल्यामुळे नाही. आता तलवारीवरची सोन्याची अक्षरे पुन्हा पाहावीत. ‘सेनासाहेबसुभा’ हे पद कोरले आहे, तेव्हा तो मजकूर पद रघोजींकडे आल्यानंतरचा, म्हणजे कान्होजींकडून गेल्यानंतरचा. ही फिरंग मंदरला रघोजींच्या कमरेला होती असे म्हणायला आधार नाही आणि माझ्या युक्तिवादाला त्याची गरजही नाही. तिने कोणाला मारले यापेक्षा तिने काय जाहीर केले हे महत्त्वाचे. वऱ्हाडचा धनी आता चुलता नसून पुतण्या आहे, हे ती दरबारात, छावणीत आणि नजराण्याच्या वेळी प्रत्येकाला वाचून दाखवत होती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही तलवार मिरवायची होती, म्हणून तिच्यावर पद आहे, आणि लढायच्या तलवारीवरून वेगळा निष्कर्ष निघाला असता. मला तो पटत नाही. युरोपातून आलेली लांब सरळ पाती मराठ्यांनी हौस म्हणून घेतली नाहीत. घोड्यावरून लांबवर पोचणारे, भोसकायलाही चालणारे आणि भरवशाच्या पोलादाचे पाते म्हणून सतराव्या शतकापासून त्यांना मागणी होती. किनाऱ्यावरच्या फिरंग्यांकडून पाते येई, मूठ इथला कारागीर चढवी आणि धार इथला शिकलगार ठेवी. रघोजींच्या तलवारीचे पाते त्याच कामाच्या जातीचे आहे. त्यावर सोने चढले म्हणून पोलाद बदलले नाही. उलट असे म्हणता येईल की त्या काळच्या माणसाला लढायचे हत्यार आणि अधिकाराची खूण या दोन वेगळ्या वस्तू वाटत नव्हत्या. त्या वेगळ्या केल्या त्या नंतरच्या पोवाड्यांनी, नाटकांनी आणि सिनेमांनी, कारण त्यांना हत्यार हवे होते आणि अधिकारपत्र नको होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. काका-पुतण्याचे भांडण उकरून काय साधते? आख्यायिकांनी लोकांना धीर दिला, परकी राजवटीत मान ताठ ठेवायला शिकवले, त्यांना त्यांच्या जागी राहू द्यावे. हा आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू मी मानतो, आणि इंग्रजी अमलातल्या पोवाड्यांचे आणि नाटकांचे ऋणही मानतो. पण रघोजींच्या बाबतीत आख्यायिकेचा घाट लावला की काय सुटते ते पाहावे. १७४१ साली रघोजींनी त्रिचनापल्ली घेतली आणि तिथला चंदासाहेब साताऱ्याच्या कैदेत गेला. हे अभिमानाने सांगितले जाते. त्याआधी दहाएक वर्षे त्याच साताऱ्याच्या कैदेत त्यांनीच पाठवलेला त्यांचा चुलता होता, हे सांगितले जात नाही. १७४२ पासून भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली भोसल्यांची फौज बंगालवर जाऊ लागली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला, हेही आपण सांगतो. पण गंगाराम नावाच्या बंगाली कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ लिहून त्यात या स्वारांनी गावोगाव काय केले ते मांडले आहे, आणि बंगालमध्ये मुलांना निजवण्याच्या गाण्यात बारगिरांची भीती आजही आहे. तिथल्या आयांना रघोजींच्या फिरंगीवर काय लिहिले होते हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पाच हजार घोडा पोसायचा आणि नऊ लाख भरायचे, तर पैसा कुठून तरी यायलाच हवा होता, आणि तो चौथाई म्हणून तिथून आला. १७५१ च्या तहात ओडिशाचा वसूल आणि बंगालच्या चौथाईचे दरसाल बारा लाख रुपये ठरले. मंदरला जिंकलेल्या पदाचा हिशेब मुर्शिदाबादेपर्यंत असा पोचतो. पराक्रमाच्या कथेत ही साखळी दिसत नाही, पदाच्या कथेत दिसते.

भास्कररामांचा शेवट या दृष्टीने बोलका आहे. १७४४ साली बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने त्यांना मानकरा इथे बोलणीसाठी तंबूत बोलावले आणि त्यांच्याबरोबरच्या सरदारांसह ठार केले. भेटीचा तंबू, गोड बोलणे, दगा, सगळी सामग्री प्रतापगडासारखीच. तरी यावर गाजलेला पोवाडा नाही, चित्रपट नाही. कारण एकच, की इथे दगा देणारा जिंकला आणि आपला माणूस परमुलखात वसुलीला गेलेला होता. कान्होजींसारखाच भास्कररामही घाटात बसला नाही. नागपूरकर भोसल्यांचा इतिहास ज्या यादव माधव काळे यांनी मेहनतीने लिहिला, त्यांच्या ग्रंथासारखे आधार नसते तर ही दोन्ही माणसे विदर्भातही विसरली गेली असती.

तलवार देशाबाहेर कशी गेली याचीही आख्यायिका आता तयार होऊ लागली आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब हरले आणि इंग्रजांनी तलवार लुटून नेली, असे सांगितले जाते. तसे झालेले असू शकते. पण दुसरी वाटही तितकीच संभाव्य आहे आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तिसरे रघोजी १८५३ साली निपुत्रिक वारले, गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले, वाड्यातले दागिने आणि चीजवस्तू जप्त झाल्या आणि राणी बाकाबाईंच्या विरोधाला न जुमानता त्यांतला बराच ऐवज कलकत्त्याला लिलावात विकला गेला. लढाईतली लूट कथेला हवी असते. यादी करून, किमती लावून केलेली विक्री कथेला नको असते, जरी मालकाचे नुकसान दोन्हींत सारखेच असले. शासनाने ही तलवार लिलावातूनच परत घेतली आहे, तेव्हा कलकत्त्याच्या त्या विक्रीची कागदपत्रे शोधण्याचे काम त्याच निर्धाराने हाती घ्यायला हरकत नसावी.

आणि तलवार कायमची कुठेही ठेवली, तरी तिच्या माहितीफलकावर बंगाल आणि त्रिचनापल्लीबरोबर भाम आणि मंदर ही नावे आली पाहिजेत, कान्होजी परसोजी भोसले हे नावही आले पाहिजे. वणीला लोकनायक बापूजी अणे यांची आठवण जपली जाते. त्याच तालुक्यात नागपूरच्या राज्याचा निकाल लावणारी लढाई झाली, याची एक पाटी मंदरच्या वेशीवर लावायला फार खर्च येणार नाही. भामच्या दगडी अवशेषांची रीतसर मोजणी आणि नकाशा मात्र त्याआधी व्हायला हवा, कारण शेतीच्या बांधाला आणि घराच्या जोत्याला लागणारा दगड सगळ्यांत सोपा मिळतो तो अशाच उजाड गावात.