टीसीएलची निवळी आणि फरशीवरचे ब्लीच

पावसाळा लागला की भंडारा जिल्ह्यातल्या गावांत एक शब्द हमखास ऐकू येतो: टीसीएल. विहिरीत आणि पाण्याच्या टाकीत टाकायची ही उग्र वासाची पांढरी पूड म्हणजे ब्लिचिंग पावडर. भंडारा रोड रेल्वे स्थानक आणि पोलाद कारखाना असलेल्या वरठीसारख्या मोठ्या गावात तिच्या जोडीला किराणा दुकानातली ब्लीचची बाटलीही घरात येते. पुडीत कॅल्शियमचे संयुग असते, बाटलीत सोडियम हायपोक्लोराइट. जंतू मारण्याचे काम दोन्हींत क्लोरीनच करतो.

त्याची ताकद ठळकपणे दिसली ती १८४७ साली. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये तिथे १८ टक्क्यांवर असलेला बाळंतिणींचा मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा सर्वमान्य झालेला नव्हता.

गावात हे शास्त्र जलसुरक्षकाच्या हाती असते. चांगल्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो आणि हजार लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम पूड लागते. पाणी गढूळ असेल तर जास्त. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल, तर ते होते सुमारे ३७,७०० लिटर. म्हणजे पूड लागेल ९५ ग्रॅमच्या आसपास. ती थेट विहिरीत फेकायची नसते. बादलीत आधी पातळ लगदा करायचा, मग पाणी वाढवून ढवळायचे, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची. त्यानंतर किमान अर्धा तास थांबायचे, तासभर थांबले तर अधिक चांगले. ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले की क्लोरीन शिल्लक असल्याचे कळते. प्रति लिटर ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, असे भारतीय मानक सांगते.

घरातही हिशेब तोच असतो: माप आणि वेळ. पण इथे बहुतेक जण अंदाजाने ओततात आणि वास जितका उग्र तितकी सफाई चांगली, असे समजतात. जास्त ब्लीचने डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो, रंगीत कपडे डागाळतात आणि लोखंड, अगदी स्टीलही, गंजू लागते. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर फरशी, दाराच्या कड्या, मोरी यांसाठी एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर ब्लीच पुरते. उलटी, जुलाब किंवा रक्त सांडले असेल, तर ते आधी कागदाने किंवा फडक्याने टिपून घ्यावे आणि लिटरभर द्रावणात १०० मिलिलिटर ब्लीच घ्यावे. पृष्ठभाग दहा मिनिटे ओला राहू द्यावा, मग साध्या पाण्याने पुसावा. लगेच पुसले तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

घाणीवर ओतलेले ब्लीच वाया जाते, कारण चिखल, शेण, तेलकटपणा हेच क्लोरीन खाऊन टाकतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. पूर ओसरल्यावरच्या सफाईत हा क्रम फार महत्त्वाचा असतो: आधी गाळ काढायचा, मग साबणाच्या पाण्याने धुवायचे आणि शेवटी ब्लीच लावायचे.

त्याच वर्षी कोरोनाच्या धास्तीने माणसांवरच हायपोक्लोराइट फवारण्याचे प्रकार देशात घडले. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते थांबवण्याचा सल्ला दिला. शरीराबाहेर फवारून शरीरात शिरलेला विषाणू मरत नाही. त्वचेला, डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला मात्र इजा होते.

सर्वांत मोठा धोका मिश्रणाचा आहे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मध्ये, ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. बंद न्हाणीघरात तो थोडासाही जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या काचा पुसण्याच्या द्रवाबरोबरही विषारी वायू तयार होतो. म्हणून ब्लीच फक्त साध्या थंड पाण्यातच मिसळावे, हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी.

विदर्भातल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी. उष्णता आणि उजेड यांनी ब्लीचचा कस उतरतो. बाटली घट्ट झाकून सावलीत, थंड जागी ठेवावी, उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावी आणि पाण्यात मिसळलेले द्रावण रोज ताजे करावे. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच कधीही भरून ठेवू नये, कारण लहान मुले ते पाणी समजून पितात. तसे झालेच, तर उलटी करवू नये, बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा. डोळ्यात उडाले, तर पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे. धाप लागली, तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.