पट्टी हलली, कॉम्प्युटर बिघडला नाही

गावात आता कॉम्प्युटर आला आहे. ग्रामपंचायतीत आहे. शाळेत आहे. कुणाकुणाच्या घरीही आहे. सातबाऱ्याचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज, ही कामे आता त्याच्यावर होतात. म्हणून कॉम्प्युटर अडला, की गावाचे काम अडते.

समजा, तुम्ही सकाळी पंचायतीत गेलात. पीक विम्याचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे. तुमच्या आधी पाच-सात माणसे बसली आहेत. इतक्यात केंद्रावरचा मुलगा म्हणतो, “काका, आज काम व्हायचं नाही. कॉम्प्युटर बिघडलाय. खालची पट्टीच गायब झालीय. तालुक्याहून माणूस येईल, तेव्हा बघू.”

झाले! तुमचा दिवस बुडाला. मजुरी बुडाली. अर्जाची तारीखही निघून जायची. आणि बिघाड केवढा? दोन मिनिटांत दुरुस्त होणारा. खरे म्हणजे तो बिघाडच नव्हे. पट्टी आपल्या जागेवरून हलली, एवढेच.

ही पट्टी म्हणजे काय, ती का हलते आणि पुन्हा जागेवर कशी बसवायची, ते आता पाहू.

पट्टी म्हणजे काय?

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाशी एक अरुंद पट्टी असते. डाव्या टोकाला चार चौकटींची एक खिडकी काढलेली असते. उजव्या टोकाला घड्याळ आणि तारीख असते. मधे लहान लहान चित्रे असतात. जे काम उघडले असेल, त्याचे चित्र या पट्टीवर दिसते. चित्रावर बोट दाबले, म्हणजे माऊसचे बटण दाबले, की ते काम पुढे येते. या पट्टीला टास्कबार म्हणतात. टास्क म्हणजे काम. बार म्हणजे पट्टी. कामांची पट्टी.

विंडोज नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये ही पट्टी 1995 साली आली. प्रणाली म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार चालवणारी व्यवस्था. पुढे 2015 साली विंडोज 10 आली. तिच्यात ही पट्टी पडद्याच्या चारही बाजूंना नेता येते. खाली, वर, डावीकडे, उजवीकडे. ज्याला जशी सोय वाटेल तशी त्याने ठेवावी, म्हणून ही मुभा दिली आहे. पण सोय आली, की घोटाळाही येतो.

पट्टी का हलते?

बैल दाव्याला बांधलेला असतो, तेव्हा तो जागेवर राहतो. दावे सुटले, की तो अंगणात जातो, नाहीतर परसात जातो. बैल मेला नाही, चोरीला गेला नाही. त्याची जागा बदलली, इतकेच.

पट्टीचेही तसेच आहे. तिलाही एक दावे आहे. त्याला लॉक म्हणतात. लॉक लावलेले असेल, तर पट्टी ओढून हलत नाही. लॉक काढलेले असेल, आणि माऊसचे डावे बटण पट्टीवर दाबलेले असताना हात सरकला, तर पट्टी उडी मारून दुसऱ्या कडेला जाते. कुणी पोर खेळत असते. कुणी चालू कॉम्प्युटरचा माऊस फडक्याने पुसत असतो. तेवढ्यात हे घडते.

पट्टी हलली, तरी तुमचे कागद हलत नाहीत. अर्ज पुसला जात नाही. भरलेली नावे, आकडे जिथल्या तिथे असतात. ही गोष्ट पक्की ध्यानात धरा. मग घाबरायला होणार नाही.

आधी काय करू नये?

वायर उपटू नये. मोठे बटण दाबून कॉम्प्युटर एकदम बंद करू नये. अर्धा भरलेला अर्ज उघडा असेल, तर तो अशाने जातो. मग पट्टीपायी अर्ज गेला, असे होते. पुन्हा सगळे पहिल्यापासून.

दिसेल ते बटणही दाबू नये. एक गोष्ट करावी. काय झाले ते पाहावे. मग दुसरी करावी.

दोन बटणे ओळखा

माऊसला दोन बटणे असतात. डावे आणि उजवे. डावे बटण दाबले, की कॉम्प्युटर काम करतो. उजवे बटण दाबले, की तो विचारतो, “काय करू?” आणि पुढे एक यादी मांडतो.

पट्टीवर जिथे एकही चित्र नाही, अशी मोकळी जागा शोधा. तिथे माऊसचा बाण न्या. उजवे बटण एकदा दाबा आणि सोडा. यादी उघडेल. तिच्यातले शब्द बहुधा इंग्रजीत असतात. इंग्रजी वाचता येत नसले, तरी अडत नाही. यादी खालून मोजा. विंडोज 10 मध्ये ओळी अशा येतात :

खालून पहिली ओळ : टास्कबार सेटिंग्ज. म्हणजे पट्टीची मांडणी. या ओळीशेजारी दातेरी चाकाचे चित्र असते.

खालून दुसरी ओळ : लॉक द टास्कबार. म्हणजे पट्टीचे दावे. या ओळीशेजारी बरोबरची खूण असेल, तर दावे बांधलेले आहे. खूण नसेल, तर सुटलेले आहे.

खालून तिसरी ओळ : टास्क मॅनेजर. म्हणजे कामांचा मुकादम. त्याची गरज शेवटी लागेल.

या तीन ओळी ओळखल्या, की निम्मे काम झाले.

आता तक्रारी एकेक करून पाहू.

पहिली तक्रार : पट्टी बाजूला किंवा वर गेली

पट्टी दिसते आहे. पण ती उभी झाली आहे, किंवा डोक्यावर गेली आहे.

पट्टीवर उजवे बटण दाबा. खालून दुसरी ओळ पाहा. बरोबरची खूण असेल, तर त्या ओळीवर डावे बटण दाबा. खूण जाईल. दावे सुटले.

आता पट्टीच्या मोकळ्या जागेवर बाण न्या. डावे बटण दाबून धरा. सोडू नका. तसाच बाण पडद्याच्या तळाशी ओढत न्या. पट्टी खाली येईल. मग बटण सोडा.

पुन्हा उजवे बटण दाबा. खालून दुसरी ओळ निवडा. खूण परत आली, म्हणजे दावे बांधले गेले. हे शेवटचे काम विसरू नका. नाहीतर उद्या पुन्हा तोच प्रकार.

ओढणे जमत नाही? हात थरथरतो? तर दुसरी वाट आहे. उजवे बटण दाबून खालून पहिली ओळ निवडा. एक पान उघडेल. ते खाली सरकवत न्या. तिथे पट्टीची जागा विचारणारी एक चौकट आहे. तिच्यावर डावे बटण दाबा. चार नावे येतील : लेफ्ट, टॉप, राईट, बॉटम. म्हणजे डावीकडे, वर, उजवीकडे, खाली. त्यांतले बॉटम निवडा.

दुसरी तक्रार : पट्टी जाड झाली

पट्टी खालीच आहे. पण दुप्पट, तिप्पट जाड झाली आहे. पडद्यावरची जागा तिने खाल्ली आहे.

आधी दावे सोडा. मग बाण पट्टीच्या वरच्या कडेवर अगदी अलगद न्या. बाणाचे रूप बदलेल. त्याला दोन तोंडे येतील. एक वर, एक खाली. आता डावे बटण दाबून धरा आणि खाली ओढा. पट्टी बारीक होईल. बटण सोडा. दावे बांधा.

तिसरी तक्रार : पट्टी दिसतच नाही

इथे माणूस सगळ्यांत जास्त घाबरतो. पण बहुतेक वेळा पट्टी लपलेली असते.

आधी बाण पडद्याच्या अगदी तळाशी न्या आणि क्षणभर थांबा. पट्टी वर आली का? आली, तर तिला लपून राहायला कुणीतरी सांगितले आहे. त्यालाही सोय म्हणूनच ठेवले आहे. पट्टी वर असतानाच तिच्यावर उजवे बटण दाबा. खालून पहिली ओळ निवडा. उघडलेल्या पानावर वरून दुसरी कळ पाहा. ती चालू असेल. तिच्यावर डावे बटण दाबा. कळ बंद झाली, की पट्टी कायमची बाहेर राहील.

खाली बाण नेऊनही पट्टी आली नाही, तर पाहा : पडदाभर एकच पान पसरले आहे का? तसे असेल, तर बटणांच्या फळीवर वरच्या रांगेत एफ 11 नावाचे बटण आहे. ते एकदा दाबा. पान आखडेल आणि पट्टी दिसेल. काही लॅपटॉपवर या बटणाबरोबर एफएन लिहिलेले बटणही दाबून धरावे लागते.

आणखी एक खूण सांगतो. बटणांच्या फळीवर खालच्या रांगेत खिडकीचे चित्र असलेले बटण असते. ते दाबले, की लपलेली पट्टी बहुधा वर येते.

चौथी तक्रार : पट्टी आहे, पण ऐकत नाही

पट्टी जागेवर आहे. पण चित्रावर बटण दाबले, तरी काही होत नाही. पट्टी गोठली आहे.

आधी अर्ज वाचवा. ऑल्ट हे बटण दाबून धरा आणि टॅब हे बटण दाबा. उघडी कामे पडद्यावर मांडलेली दिसतील. टॅब एकेकदा दाबत गेले, की पुढचे पुढचे काम येते. हवे ते आले, की दोन्ही बटणे सोडा. पट्टीवाचूनही अर्ज पुढे येतो. तो पुरा भरा आणि पाठवा. गर्दीच्या दिवशी एवढ्यावरही काम भागते.

मग पट्टीकडे वळा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. कामांचा मुकादम हजर होईल. त्याच्या यादीत विंडोज एक्सप्लोरर हे नाव शोधा. त्याच्याजवळ पिवळ्या फाईलसारखे चित्र असते. त्या नावावर डावे बटण दाबा. मग खाली उजव्या कोपऱ्यातले रिस्टार्ट हे बटण दाबा. पट्टी क्षणभर नाहीशी होईल. घाबरू नका. ती पुन्हा येईल आणि ऐकू लागेल.

एवढे करूनही जमले नाही, तर सगळी कामे साठवून ठेवा. मग कॉम्प्युटर रीतसर बंद करून पुन्हा चालू करा. हा उपाय शेवटचा. पहिला नव्हे.

नव्या कॉम्प्युटरचे काय?

2021 साली विंडोज 11 आली. तिच्यात चित्रे पट्टीच्या मध्यभागी येतात. पाहणाऱ्याला वाटते, मांडणी बिघडली. बिघडली नाही. मुळातच ती तशी आहे. डावीकडे हवी असतील, तर पट्टीच्या सेटिंग्जमध्ये टास्कबार अलाइनमेंट या नावापुढे लेफ्ट निवडावे. विंडोज 11 आली, तेव्हा पट्टी बाजूला नेण्याची मुभा तिच्यात नव्हती. उजवे बटण दाबल्यावर येणारी यादीही आखूड आहे. त्यामुळे वर सांगितलेली ओळींची मोजणी तिला लागू पडत नाही.

जुन्या विंडोज 10 ची कंपनीकडून होणारी नेहमीची देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपली. तरी तो कॉम्प्युटर चालायचा थांबत नाही. पण नवे चोर अडवणारी नवी कुलपे त्याला आपोआप मिळत नाहीत. पैशाचा आणि आधारचा व्यवहार जिथे होतो, तिथे पंचायतीने हा प्रश्न ग्रामसभेत घ्यावा.

बिघाड आणि बदल

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे. बिघाड वेगळा आणि बदल वेगळा. चूल उजवीकडची डावीकडे नेली, म्हणून चूल मोडली असे कुणी म्हणत नाही. पडद्यावर काही वेगळे दिसले, की आधी विचारा : मोडले आहे, की हलले आहे? हलले असेल, तर जागेवर ठेवता येते. त्याला तालुक्याचा माणूस लागत नाही.

केंद्रावरचा मुलगा नवखा असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याला म्हणा, “बाळ, पट्टीवर उजवं बटण दाब. खालून दुसरी ओळ बघ.” तो तुमच्याकडे पाहतच राहील. पण अर्ज त्याच दिवशी जाईल.

सांगा पाहू

1. पट्टी उभी झाली, तर अर्ज पुसला जातो का?
2. पट्टीचे दावे यादीत खालून कितव्या ओळीत आहे?
3. पट्टी दिसत नाही. सगळ्यांत आधी बाण कुठे न्याल?
4. पट्टी जागेवर आणली. आता कोणते काम राहिले?