उपऱ्यांचं नाशिक

फेब्रुवारी २००८च्या मध्यात नाशिकरोड स्टेशनवरून उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार, इमारतींवर फरशी बसवणारे, सुतार, पाणीपुरीवाले, सगळे मिळेल त्या डब्यात शिरत होते. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचं उत्तर भारतीयांविरुद्धचं आंदोलन ३ फेब्रुवारीला मुंबईत पेटलं. १३ तारखेला पक्षाध्यक्ष राज ठाकरे यांना अटक झाली आणि त्याचे तीव्र पडसाद नाशिकमध्ये उमटले. त्या दगडफेकीत जीव गेला तो मात्र ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समधून घरी परतणाऱ्या एका मराठी कर्मचाऱ्याचा. शहर सोडून गेलेल्यांचे आकडे वृत्तपत्रांनी हजारांत छापले. थोड्याच दिवसांत कारखानदार कामगार मिळत नाहीत म्हणून ओरड करू लागले.

हे घडलं ते गाव पंचवटीचं. इथला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी अयोध्येहून आला होता. दर बारा वर्षांनी सिंहस्थात उत्तरेतले आखाडे शाही थाटात येतात तेव्हा शहर रस्ते धुऊन स्वागताला उभं राहतं. पण साधू आणि सेंट्रिंगवाला यांच्यात शहर फार पूर्वीपासून फरक करत आलं आहे.

मनसेची तक्रार खोटी होती, असं म्हणता येणार नाही. रेल्वेभरतीच्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत येत नाहीत, परीक्षा मराठीतून देता येत नाही, हा प्रश्न खरा होता. पुढे रेल्वेने प्रादेशिक भाषांत परीक्षा घ्यायला सुरुवात केली, त्यातच तो मान्य झाला. पण हा जाब रेल्वे बोर्डाला विचारायचा होता, आणि ऑक्टोबर २००८मध्ये मार खाल्ला तो परीक्षेला आलेल्या बेरोजगार पोरांनी. राजकारणात ही सोय फार मोठी असते. ज्याचं इथल्या मतदारयादीत नाव नाही, त्याला झोडपलं तर मत कमी होत नाही. २००९च्या विधानसभेत मनसेचे १३ आमदार निवडून आले, त्यांतले तीन एकट्या नाशिक शहरातले. २०१२मध्ये महापालिकेच्या १२२पैकी ४० जागा जिंकून पक्षाने महापौरपद मिळवलं. २०१७मध्ये उरल्या पाच. आज छठपूजेला गोदाघाटावर उत्तर भारतीय कुटुंबांची दाटी होते आणि शुभेच्छांच्या फलकांवर पुढारी हात जोडून उभे असतात. दरम्यान बऱ्याच जणांची नावं मतदारयादीत आली, एवढाच काय तो बदल.

कॅलिफोर्नियात हाच खेळ १९९४मध्ये झाला. गव्हर्नर पीट विल्सन यांची लोकप्रियता घसरली होती. निवडणूक जिंकण्यासाठी त्यांनी मेक्सिकोच्या सीमेवरून धावत येणाऱ्या माणसांची कृष्णधवल दृश्यं टीव्हीवर दाखवली आणि 'प्रस्ताव १८७'ला पाठिंबा दिला. कागदपत्रं नसलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा बंद, तातडीचे सोडून इतर उपचार बंद, आणि संशय आला तर शिक्षकाने अन् डॉक्टरनेच कळवायचं, असा तो प्रस्ताव. लॉस एंजेलिसमध्ये सुमारे ७० हजार लोकांचा मोर्चा निघाला, तरी ५९ टक्के मतांनी तो मंजूर झाला. न्यायालयाने रोखल्यामुळे तो कधी अमलात आला नाही. पण घाबरलेल्या लॅटिनो कुटुंबांनी नागरिकत्वाचे अर्ज भरले, मतदार झाले, आणि विल्सन यांच्या रिपब्लिकन पक्षाची त्या राज्यातली सद्दी हळूहळू संपली. त्या मोर्च्याच्या दिवसांत एक तरुण इंजिनिअर राजकारणाकडे वळला. त्याचे मेक्सिकन वडील हॉटेलात स्वयंपाक करत, आई लोकांची घरं साफ करे. ॲलेक्स पडिला त्यांचं नाव. २०२१मध्ये ते सिनेटर झाले, आणि जून २०२५मध्ये गृहसुरक्षा मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत प्रश्न विचारायला गेले तेव्हा त्यांना ढकलत बाहेर नेऊन बेड्या घालण्यात आल्या. आपण सिनेटर आहोत, हे ते ओरडून सांगत होते.

नाशिककरांना जवळची वाटावी अशी कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरितांच्या लढ्यातली त्याआधीची गोष्ट डेलानो गावची आहे, कारण ती द्राक्षांची आहे. ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी तोडणी थांबवली. मागणी होती तासाला १.४० डॉलरची. आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. बागायतदारांची जुनी रीत अशी, की एका जमातीने संप केला की दुसरीला कामावर आणायचं. या वेळी दोघेही एकत्र संपावर बसले. देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला आणि पाच वर्षांनी, जुलै १९७०मध्ये, करार झाले. पण पुढे याच संघटनेने संप फोडायला येणाऱ्या बिनकागदी मेक्सिकन मजुरांविरुद्ध सीमेवर पहारे बसवले. पोटासाठी आलेल्याने मागून येणाऱ्याला अडवावं, हे नाशिकच्या मजूर अड्ड्यावरही ऐकायला मिळतं.

डेलानोचा संप सुरू झाल्यावर महिनाही उलटला नव्हता, तोच, ३ ऑक्टोबर १९६५ला, अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडणारा कायदा केला. त्याच दारातून मराठी डॉक्टर-इंजिनिअर तिकडे गेले. नातवाच्या व्हिसासाठी नवस बोलणारी आणि भैय्यांच्या नावाने बोटं मोडणारी व्यक्ती नाशिकच्या एकाच घरात सापडते, कधी कधी ती एकच असते. फेब्रुवारी २०२५मध्ये हातापायांत बेड्या घातलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते.

नाशिकच्या द्राक्षबागांत राबणारे बहुतेक हात मात्र परप्रांतातले नाहीत. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे कोकणा, वारली, महादेव कोळी भात-नागली आवरली की घरदार घेऊन उतरतात आणि शिमग्याला परततात. छाटणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), विरळणी ही कामं टोळीने उक्ती घेतात. बाकीचे शहरात येऊन सकाळी नाक्यावर उभे राहतात, रात्री मोकळ्या जागेत पाल ठोकतात. १९७९चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. ठेकेदाराने प्रवासभाडं द्यावं, वेगळा विस्थापन भत्ता द्यावा, असं त्यात लिहिलं होतं. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आलेला सुरगाण्याचा माणूस त्याच्या हिशेबात स्थलांतरितच नव्हता. बांधकाम मजुरांच्या मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि दर दोन दिवसांनी मालक बदलणाऱ्याला तो द्यायचा कोणी?

स्थलांतरित मजुरांच्या प्रश्नावर इथे लॉस एंजेलिससारखे मोर्चे निघाले नाहीत, म्हणून त्यांच्यासाठीची चळवळ फारशी कुणाला दिसली नाही. अंजली बोऱ्हाडे यांची दिशा फाउंडेशन ही संस्था २००२पासून नाशिकमध्ये हेच किचकट काम करत आली: नाक्यावरच्या मजुरांची नोंदणी, ओळखपत्रं, बुडवलेल्या मजुरीचे तंटे, शिधा मिळावा म्हणून पुरवठा खात्याकडे खेटे. भाषणाला टाळ्या मिळतील असं यात काही नाही. पण ओळखपत्र दाखवल्यावर पोलीस कमी हटकतात आणि मुकादम हिशेबाला बसतो, हे नाक्यावरच्या माणसाला ठाऊक असतं.

नोंद नसण्याची किंमत २०२०मध्ये सगळ्या देशाला दिसली. टाळेबंदीत मुंबईहून कसारा घाट चढून आलेले लोंढे प्रशासनाने इगतपुरी-नाशिकमध्ये अडवले आणि निवाऱ्यांत ठेवले. राज्यातली पहिली श्रमिक रेल्वे सुटली ती नाशिकरोडहून भोपाळला, १ मेच्या रात्री. महाराष्ट्राला त्या दिवशी साठ वर्षं पूर्ण झाली होती. दुसऱ्या दिवशी लखनौची गाडी आठशेहून अधिक माणसं घेऊन गेली. बारा वर्षांपूर्वी याच फलाटावरून माणसं पळाली होती, आता त्यांना अंतर राखून बसवलं गेलं. ज्यांना गाडीचा पत्ता लागला नाही ते रुळांवरून चालत राहिले. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली गेले. वर्षभराने, जून २०२१मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने 'एक देश, एक रेशनकार्ड' महिन्याभरात सर्व राज्यांत लागू करायला सांगितलं.

आणि नोंद असूनही किंमत मोजणारं मालेगाव. १८५७च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर प्रदेशातले मोमिन विणकर आग्रा रोडने चालत इथे आले. त्यांच्या हातमागांचे पुढे यंत्रमाग झाले. मनसेच्या जन्माआधी जवळपास दीडशे वर्षं ही माणसं नाशिक जिल्ह्यात आहेत. २०१९च्या अखेरीस नागरिकत्वाच्या नोंदवहीची धास्ती पसरली तसे जन्मदाखले काढायला इथे रांगा लागल्या. जानेवारी २०२५मध्ये भाजप नेते किरीट सोमय्या यांनी इथे उशिराच्या नोंदीचे जन्मदाखले बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दिल्याचा आरोप केला. विशेष तपास पथक नेमलं गेलं, महसूल अधिकारी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. त्याच महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष जन्माने मिळणारं नागरिकत्व रोखण्याच्या आदेशावर सही करत होते. पुढे राज्य सरकारने नायब तहसीलदारांनी दिलेले उशिराच्या नोंदीचे दाखले रद्द करायचं ठरवलं, कारण तो अधिकार त्यांचा नव्हता. चूक कचेरीची, फेरे नागरिकाचे. ज्यांचा दाखला गेला त्यांना शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, आई-वडिलांचे पुरावे घेऊन पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तारीख पडली की मागावरची त्या दिवसाची मजुरी बुडते.