वरंध घाट: दर पावसाळ्यात परीक्षा देणारी वाट

पुण्याहून सातारा रस्त्याने निघालं की कापूरहोळला उजवीकडे भोरचा फाटा लागतो. तिथून पुढे महाडपर्यंतचा रस्ता हा मावळ आणि कोकण यांच्यातला जुना दुवा. अनेक वर्षं तो राज्यमार्ग होता, आता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग 965 डीडी झाला आहे. भागातली माणसं मात्र त्याला आजही 'महाड रोड' म्हणतात आणि पुढच्या चढउताराला 'वरंधा'.

भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. 8 मार्च 1948 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजवाडा अजून उभा आहे, आणि गावाजवळच येळवंडी नदीवर भाटघरचं जुनं धरण आहे. महाडकडे निघालं की निगुडघरनंतर नीरा-देवघर धरणाचा फुगवटा सोबतीला येतो. सुमारे 11.7 टीएमसी साठवणारं हे पाणी खाली फलटण, माळशिरसच्या शिवारांसाठी आहे, आणि ते ज्या गावांच्या जमिनींवर उभं आहे, ती गावं या रस्त्याच्या काठावरची. काही वाड्या पाण्याखाली गेल्या, काही डोंगराच्या अंगाला सरकल्या. पुढे शिरगाव लागतं. नीरेचा उगम इथल्या कुंडात मानतात. इथून ती पूर्वेकडे निघते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. शिरगावपासून थोडं पश्चिमेला पडलेला पाऊस मात्र सावित्रीच्या वाटेने बाणकोटच्या खाडीत जातो. एकाच रस्त्यावरचं पाणी असं दोन समुद्रांत वाटलं जातं.

हा सगळा हिरडस मावळ. बाजीप्रभूंचा मुलूख. 1659 च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी बाजीप्रभूंना पत्र पाठवून याच भागातला ओस पडलेला जासलोडगड वसवायला आणि त्याचं नाव मोहनगड ठेवायला सांगितलं. ओस गड पुन्हा वसवण्यामागचा हेतू वाटेची राखण हाच असावा. कोकणातून मीठ, सुकी मासळी वर चढायची, देशावरचं धान्य खाली उतरायचं. माल बैलांच्या पाठीवर असायचा आणि माथ्यावरचे किल्ले त्यावर नजर ठेवून असायचे.

त्या राखणीची खूण घाटाच्या माथ्यावर अजून दिसते. इंग्रजी अमदानीत गाडीरस्ता काढताना कावळ्या किल्ल्याची धार फोडली. त्यामुळे किल्ल्याचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्यामधून आज गाड्या जातात. खिंडीजवळ वाघजईचं देऊळ आहे, त्याच्या वरच्या अंगाला कातळात खोदलेली पाण्याची टाकी ओळीने आहेत, आणि देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या. वाघजईला हात जोडल्याशिवाय जुना ड्रायव्हर गाडी उताराला लावत नाही. माथ्यावर पुणे जिल्हा संपतो आणि रायगड सुरू होतो. खाली माझेरी, वरंध, बिरवाडी अशी गावं घेत रस्ता राजेवाडी फाट्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. वाटेवर शिवथरघळीचा फाटा आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तिथे सांगितला अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे. आणि शेवटी महाड, जिथे 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

इतकं वैभव असलेला हा रस्ता अलीकडे पावसाळा लागला की बंद होतो. कधी फक्त जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. मग भोरच्या माणसाला महाडचा दवाखाना, बाजार, लग्नकार्य गाठायला ताम्हिणीचा किंवा आंबेनळीचा वळसा पडतो.

याचं कारण पाहायचं असेल तर मे महिन्यात वाघजईपाशी गाडीतून उतरा आणि डोंगराच्या बाजूने चार पावलं चाला. तिथे हातभर रुंदीचं गटार दिसेल. ते पाचोळ्याने, मुरमाने, चहाच्या कपांनी भरलेलं असलं, तर जून-जुलैत काय होणार ते तिथेच कळतं. डोंगरावरून आलेल्या पाण्याला गटारातून मोरीपर्यंत जाता आलं नाही, तर ते डांबरावरून आडवं वाहतं आणि दरीकडची साइडपट्टी पोखरतं. तिथून ते कठड्याच्या भिंतीमागे मुरतं. भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजलेली असली, तर मागची माती फुगते आणि एका रात्री भिंतीसकट अर्धा रस्ता दरीत जातो. पूर्वी ठरावीक मैलांमागे एक मैलकुली असायचा. घमेलं आणि फावडं घेऊन तो पहिल्या सरीआधी गटारं आणि मोऱ्या मोकळ्या करायचा. त्याला आपल्या हद्दीतला प्रत्येक ओघळ ठाऊक असायचा. ती नेमणूक हळूहळू संपत गेली आणि ते ज्ञानही तिच्याबरोबर गेलं.

सगळ्याच दरडी गटारं साफ करून थांबत नाहीत. 22 जुलै 2021 रोजी याच डोंगररांगेच्या कुशीतलं तळिये गाव दरडीखाली गाडलं गेलं, 80 हून अधिक माणसं गेली. त्या पावसापुढे माणसाचा इलाज नव्हता. पण म्हणूनच, जे आपल्या हातात आहे ते तरी सोडता कामा नये. रुंदीकरणासाठी डोंगराचा पायथा उभा कापायचा आणि सुटा झालेला उतार पावसावर सोपवायचा, ही पद्धत या कातळाला आणि मातीला मानवणारी नाही. आधी पाण्याची वाट, मग गाड्यांची वाट, हाच घाटाचा नियम आहे.

म्हणून मागणी साधी आहे. घाटाच्या दोन्ही बाजूंना कायमचे मैलकामगार नेमा, आणि मे संपायच्या आत प्रत्येक मोरी मोकळी झाल्याची नोंद गावकऱ्यांसमोर करा. आणि वाचकांनो, पावसात घाट बंद असेल तर लोखंडी अडथळे बाजूला सारून पुढे जाऊ नका. ऑक्टोबरात जरूर या, देवळाशी थांबा, चहा घ्या, आणि रिकामा कप गटारात टाकू नका.